रिपीटर बोलायला लागला की बहिरा होतो: म्हसरूळच्या टेकडीवरचं त्रांगडं

एक_हँडीवाला
रविवार, रात्री ९:४२

मंडळी, दोन महिने झाले, डोक्याचं पार भजं झालंय. शेवटी धागा काढतोय.

आम्ही नाशिकचे सहा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. परवाने सगळ्यांकडे आहेत, रिपीटरचाही आहे (आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच यायचा). म्हसरूळच्या पुढे एका मित्राच्या मळ्याला लागून टेकडी आहे. तिथल्या पत्र्याच्या खोलीत दोन मीटर बँडचा रिपीटर उभा केलाय. दोन मोबाइल सेट (गाडीत लावायचे रेडिओ, फोन नव्हे) शेजारी शेजारी: एक ऐकतो, दुसरा तेच त्याच क्षणी २५ वॅटवर परत बोलतो. दोघांत ६०० किलोहर्ट्झचं अंतर. अँटेना एकच, म्हणून मधे सहा कॅव्हिटींचा (ठराविक फ्रिक्वेन्सीला ट्यून केलेल्या धातूच्या पोकळ नळ्यांचा) डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर बोलणं-ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर. तोही घरचाच, टर्निंग तेवढं अंबडला करून घेतलं.

आता दुखणं. ओझरचा आमचा मित्र ५ वॅटच्या हँडीवरून (हातातल्या सेटवरून) बोलतो. ट्रान्समीटर बंद ठेवून टेकडीवर नुसता रिसीव्हर ऐकला तर त्याचा आवाज खणखणीत येतो. ट्रान्समीटर चालू केला की रिपीटर उघडतो, अर्धा सेकंद बोलतो, खर्रर्र, बंद. बंद झाला की त्याला परत ओझर ऐकू येतं, म्हणून परत उघडतो. परत बंद. खट-खर्र-खट-खर्र, असं तासभर चालू शकतं.

केलेले उपाय: प्रीॲम्प (रिसीव्हरच्या आधी सिग्नल मोठा करणारा) लावला, उपयोग शून्य. रिसीव्हरच्या तोंडाशी आणखी एक फिल्टर लावला, अगदी आमच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर ट्यून केलेला. पहिल्या दिवशी थोडा फरक वाटला, मग तेही संपलं. स्क्वेल्च (बारीक सिग्नलला दार बंद ठेवणारा) आवळला तर ओझर गेलंच, पंचवटीसुद्धा येईना. आणि एक गंमत म्हणजे सकाळी सातला बरं चालतं, दुपारी दोनला पार वाट लागते.

रिसीव्हर बदलू का? कुठला घेऊ?

---

मिसळ_जास्त_पाव_कमी
रविवार, रात्री ९:५८

सकाळी बरं, दुपारी वाट. आमच्या साहेबांचं अगदी असंच आहे. बदलून पाहिले, नवेही तसेच निघाले.

(एक अक्षर कळलं नाही, पण वाचतोय.)

---

जुना_वायरलेसवाला
रविवार, रात्री १०:२०

रिसीव्हर बदलू नका. पैसे जातील आणि दुखणं जागच्या जागी राहील. दोन गोष्टी सांगा. ट्रान्समीटरचा सेट कसला आहे, आणि कॅव्हिटीतला मधला दांडा कशाचा आहे?

---

एक_हँडीवाला
रविवार, रात्री १०:३१

काका, मला अहो-जाहो नका करू, मी तुमच्या मुलापेक्षा लहान असेन. सेट साधा सिंथेसायझरवाला (हवी ती फ्रिक्वेन्सी स्वतः बनवणारा) मोबाइल सेट, जुन्या बाजारातून घेतलेला. दांडा पितळेचा, वर चांदीचं पाणी. सराफ बाजारातून दिलंय, हे कौतुकाने सांगतो.

---

जुना_वायरलेसवाला
रविवार, रात्री ११:१५

बरं, मग तू. नीट वाच, घाई करू नकोस.

ट्रान्समीटर लागला की रिसीव्हर बहिरा होतो, याची कारणं दोन. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि म्हणून माणसं महिनोन्महिने चुकीच्या जागी औषध लावत बसतात.

पहिलं कारण सोपं. ट्रान्समीटरचा मूळ सिग्नल रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यात घुसतो. फ्रिक्वेन्सी वेगळी असते, पण जोर एवढा असतो की तो टप्पा दबून जातो, बारीक सिग्नल त्याला ऐकूच येत नाही. यावर इलाज रिसीव्हरच्या बाजूला करायचा. ट्रान्समिटची फ्रिक्वेन्सी कापणारा नॉच रिसीव्हरच्या आधी बसवायचा. तुझ्या जादा फिल्टरने पहिल्या दिवशी जो थोडा फरक पडला, तो याच दुखण्यावर पडला.

दुसरं कारण लोकांच्या गळी उतरत नाही. ट्रान्समीटर फक्त त्याच्या फ्रिक्वेन्सीवर बोलत नाही. मधे उंच सुळका असतो, पण दोन्ही बाजूंना पायथा लांबवर पसरलेला असतो. तो पायथा म्हणजे ट्रान्समीटरचा स्वतःचा गोंगाट. मूळ सिग्नलच्या मानाने नगण्य असतो, पण तुझ्या ओझरच्या हँडीच्या मानाने फार मोठा असतो. आणि तो बरोब्बर तुझ्या ऐकायच्या फ्रिक्वेन्सीवरसुद्धा पसरलेला असतो.

आता सांग, जो गोंगाट तुझ्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीवर आला, तो रिसीव्हरचा कुठला फिल्टर अडवणार? फिल्टरला ओझर आत घ्यायचंय, आणि गोंगाट ओझरचेच कपडे घालून दारात उभा आहे. नाला नदीला मिळाला की रामकुंडावर कितीही बारीक फडकं धर, नाल्याचं पाणी वेगळं निघत नाही. नाला मिळण्याआधी अडवायचा, म्हणजे ट्रान्समीटर आणि अँटेना यांच्या मधे.

नवीन पोरांना मी एक प्रश्न हमखास विचारायचो. डुप्लेक्सरच्या सहातल्या तीन कॅव्हिटी ट्रान्समीटरच्या बाजूला का असतात? निम्मे सांगायचे, ट्रान्समीटरचं रक्षण करायला. कशापासून रे? पाच वॅटच्या हँडीपासून? त्या तिन्हींचं काम एकच: ट्रान्समीटरच्या पोटातून रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर जे बाहेर पडतं ते गिळायचं.

प्रीॲम्पने सिग्नलबरोबर तो गोंगाटही तेवढाच मोठा केला. काढून ठेव, पुढे कामाला येईल.

---

विद्युल्लता
सोमवार, सकाळी ८:०५

काकांच्या शब्दाशब्दाशी सहमत. मी इथल्याच एका कॉलेजात शिकवते, त्यामुळे फळा दिसला की खडू उचलायची सवय. आकडे मांडते, कंटाळा आला तर खाली सरका.

डीबी म्हणजे पटींचं माप, दर १० डीबीला ताकद दहापट; डीबीएम म्हणजे एक मिलिवॅटच्या मानाने किती डीबी. २५ वॅट म्हणजे अधिक ४४ डीबीएम. मध्यम दर्जाच्या सिंथेसायझरचा गोंगाट ६०० किलोहर्ट्झ अंतरावर दर हर्ट्झला मूळ सिग्नलच्या १३० डीबी खाली धरू. ऐकायला फार चांगलं वाटतं. पण रिसीव्हर एक हर्ट्झ ऐकत नाही, साधारण १५ किलोहर्ट्झ रुंदीचं ऐकतो. त्याचे ४२ डीबी चढतात. राहिले ८८. चव्वेचाळीसमधून अठ्ठ्याऐंशी गेले, म्हणजे तुमच्या इनपुट फ्रिक्वेन्सीवर ट्रान्समीटर उणे ४४ डीबीएमचा गोंगाट ओततोय.

आता दुसरी बाजू. खोलीच्या तापमानाला उष्णतेचा गोंगाट दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम असतो, त्याखाली जाता येत नाही. त्याच १५ किलोहर्ट्झमध्ये तो उणे १३२. रिसीव्हरने स्वतःचे ६ डीबी घातले तर उणे १२६. हा तुमच्या रिसीव्हरचा तळ.

उणे ४४ ला उणे १२६ पर्यंत दाबायचं तर ८२ डीबी लागतात. पण तिथे दोन्ही गोंगाट सारखे होतात, म्हणजे ३ डीबी गेलेच. आणखी १० डीबी खाली नेला तर नुकसान ०.४ डीबीवर येतं, ते कानाला कळत नाही. थोडक्यात, डुप्लेक्सरच्या ट्रान्समीटरकडच्या बाजूने रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर ९० डीबीच्या वर कापायला हवं. हँडीवाले, तुमचा किती कापतो?

सिंथेसायझरबद्दलही दोन ओळी. ऑसिलेटरच्या शेजारी हा पायथा का आणि किती पसरतो, याचं साधं गणित डेव्हिड लीसन यांनी १९६६ साली मांडलं, आजही तेच शिकवतो. ऑसिलेटरच्या मंडलाचा क्यू (ऊर्जा किती कमी वाया जाते याचं माप) जितका चांगला, तितका पायथा अरुंद. क्रिस्टलचा क्यू प्रचंड. छोट्या सेटमधल्या कॉइल आणि व्हॅरॅक्टरचा (व्होल्टेजने बदलणाऱ्या कपॅसिटरचा) बेताचा. तेव्हा जुने क्रिस्टलवाले ट्रान्समीटर शांत असायचे हा म्हाताऱ्यांचा नुसता गहिवर नाही (काका, राग नसावा). अर्थात क्रिस्टलची फ्रिक्वेन्सी बारा पटीने वाढवली की त्याचा गोंगाटही साडेएकवीस डीबीने वाढतो, फुकट काही मिळत नाही.

---

एक_हँडीवाला
सोमवार, दुपारी १:१२

ताई, दंडवत. नॅनोव्हीएनएने (फिल्टर मोजायच्या छोट्या मीटरने) मोजलं होतं तेव्हा नॉच ७० डीबीचा दिसला होता. तिन्ही कॅव्हिटी मिळून. मला वाटलं, सत्तर म्हणजे पुष्कळ झाले.

---

जुना_वायरलेसवाला
सोमवार, दुपारी १:४०

तो सत्तर कॅव्हिटीचा की मीटरचा? त्या छोट्या मीटरला त्याखालचं दिसतच नाही. विहिरीत सत्तर फुटांचा दोर सोडलास, दोर संपला आणि म्हणतोस विहीर सत्तर फूट. खरा नॉच ९५ चा असेल किंवा ७१ चा, त्याला दोन्ही सारखेच. आणि मोजलास कधी? घरी, थंडीत, रात्री?

---

एक_हँडीवाला
सोमवार, दुपारी १:४४

जानेवारीत. रात्री अकराला. गच्चीवरच्या खोलीत, स्वेटर घालून.

---

जुना_वायरलेसवाला
सोमवार, दुपारी १:४६

हं.

---

अंबडचा_लेथवाला
सोमवार, रात्री ९:१५

ए भो, ते दांडे मीच टर्न करून दिलेत! धागा वाचून घाम फुटला. ड्रॉइंगवर पितळ लिहिलं होतं म्हणून पितळ दिलं. माप पॉइंट शून्य दोनमध्ये आहे, पाहिजे तर मायक्रोमीटर घेऊन येतो टेकडीवर. माझ्या कामाचा दोष निघाला तर पुढचे सहा दांडे फुकट.

---

विद्युल्लता
सोमवार, रात्री ९:५०

दादा, मापाचा दोष नाही, पितळेचा स्वभाव आहे. पितळ दर अंशाला दहा लाखात १९ भाग वाढतं. जानेवारीच्या रात्री १५ अंश, एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली ४५ अंश. तीस अंशांचा फरक. १४५ मेगाहर्ट्झला हिशोब करा, कॅव्हिटी ८० किलोहर्ट्झच्या आसपास खाली सरकते. चांगला नॉच टोकाशी सुईसारखा अरुंद असतो. ८० किलोहर्ट्झ सरकला की खोल भाग भलतीकडेच जातो आणि तुमच्या फ्रिक्वेन्सीच्या वाट्याला नुसता उतार येतो.

म्हणून विकतच्या कॅव्हिटीत इन्व्हारचा दांडा असतो. लोखंड आणि निकेलचा मिश्रधातू, निकेल ३६ टक्के, दर अंशाला जेमतेम एक-सव्वा भाग वाढतो. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये शोधला, १९२० चं पदार्थविज्ञानाचं नोबेल त्यांना अशाच मिश्रधातूंच्या कामासाठी मिळालं. पण मधला आख्खा दांडा इन्व्हारचा करायला जाऊ नका, त्यातून वीज नीट वाहत नाही. तो फक्त तांब्याच्या नळीचं टोक जागेवर धरून ठेवतो. करंट नळीच्या कातडीतून वाहतो, १४५ मेगाहर्ट्झला जेमतेम साडेपाच मायक्रॉन खोल.

---

मिसळ_जास्त_पाव_कमी
सोमवार, रात्री १०:०२

साहेबांचं कोडं सुटलं. दुपारी केबिनमध्ये एसी बंद असतो.

---

द्राक्षमणी
मंगळवार, सकाळी १०:३०

अवांतर होतंय, पण दुखणं सख्खं वाटतं म्हणून विचारतो. आमचं पॅकहाउस आहे, पिंपळगावच्या बाजूला. परवान्याचे दोन वॉकीटॉकी बेस सेट: एक गेटसाठी, एक कोल्ड स्टोरेजसाठी. फ्रिक्वेन्सी वेगळ्या. दोन्हीच्या अँटेना एकाच शेडवर, वीसेक फुटांवर. कोल्ड स्टोरेजवाला बोलायला लागला की गेटवाल्याला कंटेनरच्या ड्रायव्हरचं काही ऐकू येत नाही. हंगामात रोज शिव्या. हेच का?

---

जुना_वायरलेसवाला
मंगळवार, सकाळी ११:०५

हेच. फक्त तुझ्याकडे अँटेना दोन आहेत, त्याचा फायदा घे. आडवं अंतर वाढवण्यापेक्षा उभं वाढव. एकीच्या बरोबर डोक्यावर दुसरी, एकाच खांबावर. उभ्या अँटेनाला डोक्यावर आणि पायाखाली फारसं काही दिसत नाही. १५० मेगाहर्ट्झच्या आसपास वीस फूट आडवं अंतर असेल तर दोघांत तीसेक डीबीची आडकाठी, तेच वीस फूट उभं केलंस तर ४७ च्या आसपास. पंधरा डीबी फुकटात, एक पाइप आणि दोन यू-बोल्टच्या खर्चात. आडव्यात एवढं मिळवायचं तर शंभर-सव्वाशे फूट लांब जावं लागेल.

त्याने भागलं नाही तर कोल्ड स्टोरेजच्या सेटच्या आउटपुटला एक बँडपास (फक्त आपली फ्रिक्वेन्सी पुढे सोडणारी) कॅव्हिटी. गेटच्या नाही, कोल्ड स्टोरेजच्या! ऐकू येत नाही त्याच्या नव्हे, ओरडतो त्याच्या तोंडाशी. दोघे आळीपाळीने ओरडत असतील तर दोघांच्याही.

आणि शेजारच्या दुसऱ्याच कुणाचा सेट असेल तर त्याच्या दारात जाऊन, चहा पिऊन, गोड बोलून त्याच्या ट्रान्समीटरला कॅव्हिटी बसवायला लावावी लागते. माझ्या नोकरीतली निम्मी वर्षं हा चहा पिण्यात गेली.

---

बोलघेवडी
मंगळवार, दुपारी ३:२०

आयसोलेटर लावला तर नाही का चालणार? आमच्या ग्रुपवर सगळे तेच सांगतात.

---

विद्युल्लता
मंगळवार, दुपारी ४:००

आयसोलेटरचं काम वेगळं. दुसऱ्याचा सिग्नल अँटेनातून उलटा येऊन तुमच्या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये मिसळू नये, मिसळून तिसऱ्याच फ्रिक्वेन्सी जन्माला येऊ नयेत, यासाठी तो. बाहेर जाणाऱ्या गोंगाटाला तो वाट करून देतो, कारण त्याला बाहेर जाणारं सगळं सारखंच. शिवाय त्यातल्या फेराइटमुळे हार्मोनिक (मूळच्या दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सी) येतात, म्हणून त्याच्या पुढे फिल्टर लावावाच लागतो.

---

जुना_वायरलेसवाला
मंगळवार, सायंकाळी ७:३०

हँडीवाल्या, रविवारी टेकडीवर जाशील तेव्हा या क्रमाने कर. क्रम मोडू नकोस.

ताईंच्या कॉलेजातून सिग्नल जनरेटर मिळतो का बघ. डुप्लेक्सर आणि अँटेना यांच्या मधे कपलर (बाहेरचा सिग्नल लाइनीत सोडायचा जोड) टाकून बारीक सिग्नल सोड. ट्रान्समीटर बंद असताना किती सिग्नलला १२ डीबी सिनाड (आवाज गोंगाटाच्या किती वर आहे याचं माप) मिळतो ते लिही. मग ट्रान्समीटर चालू कर, परत तेवढाच सिनाड मिळेपर्यंत सिग्नल वाढव, लिही. दोन्हींतला फरक म्हणजे तुझा बहिरेपणा.

मग अँटेना काढून तिथे डमी लोड (सिग्नल बाहेर न सोडता पचवणारा) लाव. फरक गेला तर दोष खोलीच्या बाहेर: गंजका बोल्ट, सैल तार, अँटेनात शिरलेलं पाणी. राहिला तर दोष खोलीत.

मग खरी परीक्षा. डुप्लेक्सर आणि रिसीव्हर यांच्या मधे १० डीबीचा पॅड, म्हणजे सगळंच सारखं कमी करणारा तुकडा, टाक. मूळ सिग्नल रिसीव्हरला दाबत असेल तर पॅडने दाब कमी होतो आणि ट्रान्समीटर चालू असतानाचा आकडा सुधारतो. पण गोंगाट तुझ्याच फ्रिक्वेन्सीवर असेल तर पॅड सिग्नल आणि गोंगाट दोघांनाही सारखंच कापतो, तो आकडा जागचा हलत नाही. साधासा पॅड, पण सगळं खरं बोलून जातो.

दुपारी जा. सकाळच्या गारव्यात जाऊन 'सगळं ठीक आहे' असं लिहू नकोस.

---

एक_हँडीवाला
रविवार, रात्री ८:५०

रिपोर्ट देतोय. लेथवाले दादा, ताई आणि मी, तिघे गेलो होतो. खोलीत थर्मामीटर ४४ दाखवत होता. डुप्लेक्सरला हात लावला तर ताजा तवा. दादांनी दार उघडून मळ्यातलं ओलं पोतं खिडकीला लावलं तेव्हा कुठे बसता आलं.

ट्रान्समीटर बंद: उणे ११८ डीबीएमला १२ डीबी सिनाड. चालू केला: उणे ९७. एकवीस डीबी! ताईंनी तिथेच हिशोब केला, ओझरच्या मित्राचा ५ वॅटचा हँडी माझ्या रिपीटरला ४० मिलिवॅटचा वाटतोय.

डमी लोड लावला: उणे ९८. म्हणजे दोष खोलीतच.

आता पॅड. बंद असताना उणे १०८, अपेक्षेप्रमाणे. मग ताई म्हणाल्या, चालू कर. मी पीटीटी (बोलायची कळ) दाबली, जनरेटरची मूठ हळूहळू फिरवतोय, सिनाडचा काटा चढतोय, चढतोय, बारावर आला. आकडा बघितला. उणे ९७. जागचा हलला नाही. दादा म्हणाले, मीटर बिघडला का? म्हटलं नाही, काका जिंकले.

दोन महिने मी रामकुंडावर फडकं धरून बसलो होतो.

---

अंबडचा_लेथवाला
रविवार, रात्री ९:१०

पोतं आणि चहा माझा होता, त्याची नोंद घ्यावी.

---

विद्युल्लता
रविवार, रात्री ९:३५

आकड्यांवरून मागे गेलं तर ट्रान्समीटरकडच्या तीन कॅव्हिटी त्या उकाड्यात ६१ डीबीच कापत होत्या. हवे होते ९०. आणि रिसीव्हरची बाजू तुमच्या जादा फिल्टरमुळे व्यवस्थित होती. चुकीच्या दुखण्यावरचं औषध पूर्ण गुणकारी निघालं.

---

जुना_वायरलेसवाला
रविवार, रात्री १०:१०

आता औषध. आधी पॉवर उतरव, २५ वरून १०. रागावू नकोस. तुझा रिपीटर बोलतो जिल्हाभर आणि ऐकतो अंगणापुरतं. ५ वॅटचे हँडी जिथून पोचतात तिथपर्यंत १० वॅट सहज पोचतात. गोंगाट ४ डीबी खाली येईल.

मग कॅव्हिटी त्या खोलीतच, दुपारी-संध्याकाळच्या मधल्या तापमानाला ट्यून कर. मीटरवर नाही, रिसीव्हरवर: जनरेटर इनपुट फ्रिक्वेन्सीला लाव, सिग्नल ट्रान्समीटरच्या तोंडातून सोड आणि तुझ्या रिसीव्हरला अँटेनाच्या तोंडाशी धरून ऐकू येईनासं होईपर्यंत दांडा फिरव. त्याचा कान मीटरपेक्षा फार खोल जातो. पत्र्याखाली थर्मोकोलचं छत ठोक.

आणि ट्रान्समीटरनंतर एक जादा बँडपास कॅव्हिटी. मूळ सिग्नलचा एखादा डीबी खाईल, ६०० किलोहर्ट्झवर १५ देईल.

जंपर कसल्या केबलचे आहेत ते तू लिहिलं नाहीस, याचा अर्थ आरजी-५८ चे आहेत. एका जाळीतून गळती होते, कॅव्हिटी बाजूला राहतात आणि गोंगाट केबलमधून केबलमध्ये उडी मारतो. दुहेरी जाळीची घे, आरजी-४०० किंवा आरजी-२१४. ॲल्युमिनियमचं फॉइल आणि वर तांब्याची जाळी अशी केबल इथे नको, दोन धातू एकमेकांवर घासून नवीनच खरखर काढतात. कनेक्टर एन टाइप. एकावर एक ॲडॉप्टरची आगगाडी करू नकोस.

---

एक_हँडीवाला
रविवार, रात्री १०:१४

काका, आरजी-५८ च आहेत. तुम्हाला कसं कळलं?

---

जुना_वायरलेसवाला
रविवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे तेच असतात.

---

द्राक्षमणी
बुधवार, दुपारी १२:२०

पाइप उभा केला. गेटवाल्याला ड्रायव्हर ऐकू येतोय. काका, बागेतली पेटी पाठवतो, पत्ता व्यनि करा.

---

एक_हँडीवाला
तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९:३०

मंडळी, उशीर झाला, कारण जादा कॅव्हिटी दादांनी बनवली आणि त्यांचं लेथ मधे चार दिवस बंद होतं. यावेळी तांब्याची नळी आहे. इन्व्हारचा दांडा दादांनी कुठून पैदा केला ते सांगत नाहीत.

दुपारी अडीचला, खोलीत ४१ अंश (थर्मोकोलची कृपा), एकेक बदल करून मोजत गेलो. सुरुवातीला बहिरेपणा २१ डीबी. पॉवर उतरवली: १७. केबल बदलल्या आणि कॅव्हिटी परत ट्यून केल्या: साडेपाच. जादा कॅव्हिटी बसवली: अर्ध्या डीबीच्या आत, म्हणजे माझ्या हाताच्या चुकीत बसेल इतका. मग प्रीॲम्पही काढून ठेवला होता तो परत लावून पाहिला. आता उपयोग होतो! काका म्हणालेच होते.

ओझरचा मित्र घराच्या आतून बोलला, स्वयंपाकघरातून. मागे कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या. तीन.

एकच शिल्लक. वारा सुटला की मधूनच चर्र असा आवाज येतो, तोही फक्त ट्रान्समीटर चालू असताना. डमी लोडवर येत नाही.

---

जुना_वायरलेसवाला
शनिवार, रात्री ९:४८

खांबाच्या ताणतारांचे टर्नबकल गंजले असतील. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो, त्यावर तुझा सिग्नल पडला की तो त्याचा चुरा करून परत फेकतो. हलवून बघ, सापडेल. बदल किंवा रबरी नळी घालून धातूला धातू लागू देऊ नकोस. पाऊस लागायच्या आत कर.

---

एक_हँडीवाला
शनिवार, रात्री ९:५५

उद्या सकाळीच जातो. कोण येतंय?

---

अंबडचा_लेथवाला
शनिवार, रात्री ९:५७

मी. पाने आणि ग्रीस माझ्याकडे आहे. चहा यावेळी तुझा.

---

मिसळ_जास्त_पाव_कमी
शनिवार, रात्री १०:०३

मीही येतो. काही कळत नाही, पण तार धरून उभा राहीन.